उभ्याचा फोटो पासपोर्टवाला काढते

आमच्या सोनूच्या लग्नात गज्जूभाऊंनी नवरा-नवरीला पळायला लावलं.

अगदी खरोखर पळायला. रिसेप्शनचं स्टेज, त्यावर दोन सिंहासनं, मागे फुलांचा पडदा, समोर आहेराची पाकिटं घेतलेल्या पाहुण्यांची रांग. रांगेत गज्जूभाऊ. त्यांची पाळी आली तशी त्यांनी पाकीट माझ्या बायकोच्या हातात कोंबलं, गळ्यातला कॅमेरा पुढे घेतला, स्टेजवरून खाली उतरले आणि जावईबापूंना म्हणाले, "उठा. असे गणपतीसारखे बसून राहू नका. त्या टोकाले जा अन् तिचा हात धरून या टोकाले पळत या."

जावई पुण्याचा. सासरच्या वडीलधाऱ्यांचं मोडू नये, एवढंच बिचाऱ्याला घरून बजावून पाठवलेलं. तो उठला. सोनूने शालू घोट्याच्या वर धरला, चपला काढल्या आणि दोघं पळाली. गज्जूभाऊ पाय रोवून उभे. कंबरेच्या वरचा भाग तेवढा डावीकडून उजवीकडे फिरला, आणि बरोबर मधोमध ते ओरडले, "आई."

ऑर्केस्ट्रावाल्याला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग असणार. त्याने ढोलकीवर थाप मारली. व्याही माझ्या कानाशी लागले. "तुमच्याकडे हा विधी असतो का?"

"रायपूरकडे असतो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

फोटो आला त्यात दोन रिकामी सिंहासनं होती आणि त्यांच्यापुढून कोणीतरी ओल्या हाताने कुंकू पुसत नेल्यासारखा एक लाल पट्टा गेला होता. सोनूने तो मोठा करून हॉलमध्ये लावला आहे. ती म्हणते, अख्ख्या अल्बममध्ये आम्ही हसतोय असा हा एकच फोटो आहे. हसणं दिसत नाही, पण कळतं.

गज्जूभाऊ म्हणजे गजाननराव. आमच्या समता कॉलोनीत, माझ्या दुकानाच्या अगदी समोर राहतात. माझं दुकान चष्म्यांचं, वरच्या मजल्यावर घर. लोकांना नीट दिसत नाही, या एका गोष्टीवर माझं घर चालतं, म्हणून अंधुक दिसणाऱ्या माणसाविषयी मला पहिल्यापासून आपुलकी आहे. गज्जूभाऊंनी अख्खी नोकरी रेल्वेत काढली, पण मालधक्क्यावर. तिथे त्यांना गाड्या दिसल्या त्या उभ्या. डबे उभे, मालगाडीच्या वाघिणी उभ्या, हमाल उभे, आणि मधे टेबलाशी हे बसलेले. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, गज्जूभाऊ एका फोटोग्राफरकडे गेले आणि जुना कॅमेरा घेऊन आले. त्याला पुढे एक लांबलचक नळकांडं. पहिल्या दिवशी ते नळकांडं घेऊन ते फाटकात उभे राहिले, तेव्हा समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याचा पडदा ओढून घेतला होता.

त्यांचा नियम एकच. हलत नाही त्याचा फोटो काढायचा नाही.

"काहून भाऊ?" मी एकदा विचारलं. "आमचा एखादा बसलेला काढा की."

"उभ्याचा फोटो पासपोर्टवाला काढते, गा," ते म्हणाले. "मान सरळ करा, कान दिसू द्या, हसू नका. तो फोटो आहे का पंचनामा? मले वारा पकडायचा आहे."

वारा पकडायची एक रीत असते. पळत्या गाडीबरोबर कॅमेराही तितक्याच वेगाने फिरवायचा. जमलं तर गाडी स्पष्ट येते आणि मागचं जग पुसलं जातं. नाही जमलं तर जग स्पष्ट येतं आणि गाडी पुसली जाते. गज्जूभाऊंचं जग फार स्पष्ट येतं.

रियाज मात्र रोजचा. सकाळी दूध घालून दूधवाला निघाला की गज्जूभाऊ फाटकात उभे राहून त्याच्या मोटारसायकलीबरोबर फिरणार. भाजीचा ठेला आला की ठेल्याबरोबर. गाय आली की गाईबरोबर. ती मध्येच थांबली की हे कासावीस. "चाल ना वं माय, काहून थांबली?" कॅमेरा हातात नसला तरी मान फिरतेच. शाळेच्या रिक्षातली पोरं त्यांना 'टेबल फॅन अंकल' म्हणतात आणि रिक्षा जाताना सगळी मिळून तोंडाने पंख्याचा आवाज काढतात. गज्जूभाऊ त्यांच्याबरोबरही फिरतात.

आणि बटण दाबताना ते म्हणतात, "आई."

बाहेरच्या वाचकाला हे जरा समजावून सांगायला हवं. आम्ही रायपूरची मराठी माणसं. आजोबा कधीतरी विदर्भातून नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, बाजारात छत्तीसगढीचा होकाराचा 'हव', आणि तोंडात या तिन्हींचा काला. कोणती भाषा कधी आत शिरते आणि कोणती कधी बाहेर पडते, ते ज्याचं त्याला कळत नाही. गाडी आली की आम्ही 'आली' म्हणत नाही, सगळ्या गावाबरोबर हिंदीतलं 'आई, आई' म्हणतो. तेव्हा गज्जूभाऊंच्या 'आई'मध्ये कोणालाच काही वेगळं वाटलं नाही.

वाटलं ते फक्त माझ्या बायकोला, आणि तेही व्याकरणापुरतं. अनुराधा शाळेत हिंदी शिकवते. लिंगाच्या चुका तिला जेवणातल्या खड्यासारख्या लागतात. एकदा सिमेंटचा ट्रक चालला होता. गज्जूभाऊ फिरले. "आई."

अनुराधा गॅलरीतून वाकली. "भाऊजी, ट्रक आया होता है. पुल्लिंग."

"हव," गज्जूभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर. "आई."

"टैंकर भी आया होता है, भाऊजी."

"हव."

रोड रोलर, घोडा, हत्ती. हो, हत्तीसुद्धा. एका साधूबाबांचा हत्ती कॉलोनीतून गेला होता. "आई." अनुराधाने हात टेकले. मला म्हणाली, "इतक्या शांतपणे चुकणारा विद्यार्थी मी आजवर पाहिला नाही. रागावता पण येत नाही. हव म्हणतो आणि पुन्हा तेच करतो."

हा सगळा रियाज ज्यासाठी चालायचा ती गोष्ट वर्षातून एकदाच येते. हिवाळ्यातल्या एका रविवारी, सकाळी, नव्या रायपूरच्या रस्त्यावर जुन्या मोटारींची शर्यत होते. तिथले रस्ते इतके रुंद आहेत की पलीकडच्या कडेला ओळखीचा माणूस दिसला तर त्याला फोन करावा लागतो. त्यातला एक रस्ता सकाळपुरता परवानगी काढून बंद करतात. भाग घेणारी मंडळी म्हणजे आमच्या गावचे हौशी लोक. कोणी राइस मिलवाले, कोणी वकील, आणि गज्जूभाऊंना पाहून पडदा ओढणारे ते दातांचे डॉक्टर. गाडी कशी हवी? चार दारं, मागे डिक्की, आणि वयाने मालकाला शोभेल अशी. मोटारसायकली, जीपा बाद. अ‍ॅम्बॅसिडर असतात, पद्मिनी असतात, एका वकीलसाहेबांकडे आजोबांची विलायती गाडी आहे, ती सुरू होते तेव्हा लोक टाळ्या वाजवतात आणि बंद पडते तेव्हा धक्का मारतात.

वेगाबद्दल बोलू नये. एका वर्षी एक दूधवाला सायकलवरून बाजूच्या पट्टीने चालला होता. तो बराच वेळ आघाडीवर होता.

गज्जूभाऊंची या शर्यतीतली पहिली कामगिरी मला तिथे हजर राहून पाहता आली. ते वळणापाशी उभे होते. डॉक्टरांची पद्मिनी दुसऱ्या नंबरावर, अगदी जोरात. गज्जूभाऊ फिरले, "आई" म्हणाले, आणि पद्मिनी करकचून ब्रेक लावून थांबली. डॉक्टरांनी काच खाली केली.

"अंकल, कहीं छोड़ दूँ क्या?"

"डॉक्टरसाहेब, तुम्ही शर्यतीत आहात ना?"

"हाँ, पर आपने हाथ दिया ना."

"मी? मी काहून हात देईन?"

"दिया अंकल, मैंने देखा."

हे दोन सभ्य गृहस्थ हात दिला की नाही यावर बोलत असताना मागच्या सगळ्या गाड्या निघून गेल्या. डॉक्टर शेवटून पहिले आले. पुढच्या वर्षीपासून शर्यत सुरू होण्याआधी भोंग्यावरून सूचना होते: ड्रायव्हर भाइयों से निवेदन है, कैमरेवाले अंकल के लिए गाड़ी न रोकें.

दर वर्षी शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी गज्जूभाऊ माझ्या दुकानात येतात, तपासायच्या खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "नंबर वाढला, गा."

मी तपासतो. ते शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचतात. तिच्याखाली कोपऱ्यात तक्ता छापणाऱ्याचं नाव आहे, तेही वाचतात.

"नंबर तोच आहे, भाऊ."

"मग फोटो काहून हालते?"

फोटो मात्र हलायचे खरे. त्यांच्या बैठकीची भिंत त्यांनीच भरलेली. येणाऱ्याला खुर्चीत बसवायचं, चहा द्यायचा आणि विचारायचं, "ओळखा." पाहुणा बिचारा डोळे बारीक करून पाहतो. पांढरा फराटा दिसला की कोणी ढग म्हणतं, कोणी दही. एका काकूंनी फार वेळ पाहून "भात छान मोकळा झालाय" असं म्हटलं होतं, ती वकीलसाहेबांची विलायती गाडी होती. काही फोटोंत नुसता रस्ता. काहींत डिक्कीचा कोपरा आणि बाकी आभाळ. गज्जूभाऊ एकेकाची ओळख करून देतात, जशी लग्नघरात पाहुण्यांची करून द्यावी. "ही पद्मिनी. थोडी निघून गेली."

त्या भिंतीवर स्पष्ट फोटो एकच आहे. त्यांच्या आईचा. छोट्या फोटोवरून मोठा केलेला, त्यामुळे जरा दाणेदार. मान सरळ, कान दिसताहेत, ओठ मिटलेले. गोंधळलेला पाहुणा सुटका करून घेण्यासाठी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो, "हा मात्र छान आलाय." तेव्हा गज्जूभाऊ कपबशा उचलायला लागतात.

या वर्षी शर्यतीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. बंटी भैयाने क्रीम अ‍ॅम्बॅसिडर विकली अशी बातमी आली.

बंटी भैया म्हणजे राइस मिलवाले. त्यांच्या वडिलांची ही गाडी. शर्यतीत ती कधी पहिली येत नाही, पण गज्जूभाऊंची खरी नजर तिच्यावर. "बाकीच्या गाड्या रियाजाले," ते म्हणायचे, "मैफल क्रीमवालीची." इतक्या वर्षांत ती त्यांच्या कॅमेऱ्यात एकदाही पूर्ण आली नव्हती. एकदा बंपर आला होता. एकदा मागच्या काचेचा तुकडा, तो त्यांनी देवघराजवळ लावला आहे. आता नागपूरच्या कोणा हौशी माणसाने ती घेतली होती, शर्यत झाली की तिथूनच तिला न्यायला माणूस येणार होता.

गज्जूभाऊ दुकानात आले आणि तपासायच्या खुर्चीत बसले. नंबर वाढला असं म्हणाले नाहीत. रस्त्यावरून स्कूटर गेली. भाजीचा ठेला गेला. शाळेची रिक्षा गेली, पोरांनी पंख्याचा आवाज काढला.

गज्जूभाऊ फिरले नाहीत.

मी घाबरलो. इतक्या वर्षांत त्यांना इतकं स्थिर मी पाहिलं नव्हतं. कोणीही पासपोर्टवाला खूश झाला असता.

"एकच पाहिजे होती, गा," ते म्हणाले. "एकच. स्पष्ट."

"अजून शर्यत व्हायची आहे, भाऊ. एक संधी आहे."

"आजवर का कमी होत्या?"

मला त्या माणसाला पुन्हा फिरताना पाहायचं होतं. मी दुकानाला कुलूप लावलं, स्कूटर काढली आणि त्यांना फाटकात उभं केलं. म्हटलं, मी जातो-येतो, तुम्ही काढा, काय चुकतं ते मी बघतो. कॉलोनीच्या रस्त्यावरून मी इकडून तिकडे, तिकडून इकडे. अनुराधा गॅलरीत उभी राहून म्हणाली, "आता तुम्हीही?" पुन्हा वळून आलो, तेव्हा रस्त्याऐवजी सरळ त्यांच्याकडेच बघत आलो. गज्जूभाऊ फिरत होते. कॅमेरा डोळ्याला. मी अगदी समोर आलो. "आई," ते म्हणाले, आणि त्यांचा डावा हात कॅमेऱ्याखालून निघाला, वर गेला आणि हलला. कॅमेरा उजव्या हातात एकटा, मान टाकून.

मी स्कूटर थांबवली. "भाऊ, तुम्ही मला टाटा करून राहिले."

"मी? काहीच्या काही."

"आत्ता केला. डॉक्टरांनाही केला असणार. त्यांना वाटलं तुम्ही लिफ्ट मागता. डोळे ठणठणीत आहेत तुमचे. हा हात चोर आहे."

त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं, जसं एखाद्याने परक्याच्या हाताकडे पाहावं. "मले तर माहीतच नाही," ते म्हणाले. आणि ते खरं बोलत होते.

रोग कळला की औषध सोपं. मी म्हणालो, शर्यतीच्या दिवशी हा हात कॅमेऱ्याला बांधायचा. मफलरने. गज्जूभाऊ लगेच तयार, तिथल्या तिथे स्वतःभोवती फिरून मफलर शोधायला लागले. कुसुमवहिनी ओट्यावर मटार सोलत होत्या. कुसुमवहिनी म्हणजे गज्जूभाऊंच्या पत्नी, बोलतात कमी आणि बोलल्या की गज्जूभाऊ ऐकतात.

"कोणता हात?" त्यांनी विचारलं.

"डावा."

त्यांनी हातातली शेंग तशीच ठेवली. मग मला म्हणाल्या, "त्या बंटीच्या गाडीत मागं कोणी बसते का हो भाऊजी?"

"मागे? कोणी नाही. काहून?"

"काही नाही. सहज. एवढ्या वर्षांत कधी बसली नाही मी."

बंटी भैयांना फोन केला. ते तर हरखलेच. "अरे, चाची बैठेंगी तो गाड़ी की विदाई हो जाएगी. बिल्कुल बैठिए."

शर्यतीच्या सकाळी थोडं धुकं होतं, मग ऊन आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. चहावाला, फुगेवाला, पाणीपुरीचा गुपचुपवाला, सगळे आपापल्या गाड्या घेऊन हजर, आणि त्यांच्या गाड्या शर्यतीतल्या गाड्यांपेक्षा नव्या. भोंग्यावरून नेहमीची सूचना झाली. वहिनी पांढऱ्या सुती साडीत क्रीम अ‍ॅम्बॅसिडरच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. वहिनी एरवी रंगीत नेसतात. मला वाटलं, गाडीला मॅचिंग असेल. बायकांचं काही सांगता येत नाही.

वळणावर मी गज्जूभाऊंचा डावा हात कॅमेऱ्याच्या नळकांड्याला मरून मफलरने बांधला. दोन वेढे आणि निरगाठ. त्यांनी हलवून पाहिला. "पक्का आहे."

"श्वास घ्या, भाऊ."

"तू घे. तूच घाबरून राहिला."

खरंच, मीच घाबरलो होतो. पाच-सहा गाड्यांच्या खेळात माझं काय जाणार होतं? पण त्या दिवशी खुर्चीत न फिरता बसलेले गज्जूभाऊ मला पुन्हा बघायचे नव्हते.

लांब धूळ उठली. गर्दी पुढे सरकली. "आई, आई, आई," सगळा रस्ता ओरडायला लागला. पहिली डॉक्टरांची पद्मिनी आली. डॉक्टरांनी आमच्याकडे पाहायचं नाही म्हणून मान सरळ ठेवली होती. गज्जूभाऊ फिरले, पण बटण दाबलं नाही. मग एक काळी अ‍ॅम्बॅसिडर. मग वकीलसाहेबांची विलायती, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग क्रीमवाली. ऊन तिच्या टपावर, बंटी भैया दात दाखवत, आणि मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आलेला. पांढऱ्या पदराच्या कडेतून निघालेला, कोपरापर्यंत बाहेर, हिरव्या बांगड्यांचा. तो हात हलत होता. कोणाला तरी शोधून, नेमका त्यालाच हलवावा तसा.

गज्जूभाऊंची कंबर फिरली. मी त्यांना इतक्या वेळा फिरताना पाहिलं आहे, पण असं कधी नाही. पंखा नव्हता तो. मान, खांदे, कोपर, सगळा माणूस त्या खिडकीबरोबर ओढला गेला.

"आई," ते म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.

बटण दाबलं. आणि लगेच डावा हात मफलर ओढायला लागला. "सोड, गा. सोड ना." गाठ पक्की, माझीच. गाडी पुढे गेली. खिडकीतला हात अजून बाहेर, मागे वळून हलणारा. गज्जूभाऊ कॅमेऱ्यासकट हात उचलायला बघत होते. "जाऊन राहिली. सोड."

मला काही कळत नव्हतं. पण कोणीतरी हात हलवायला हवा होता एवढं कळलं. मी रस्त्यावर पुढे झालो, त्यांच्यावतीने माझा डावा हात वर केला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिलो. भोंगेवाल्याने माझ्यासाठी वेगळी सूचना केली.

मग आम्ही मफलर सोडून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पाहिला. गाडी पुन्हा हुकली होती. बोनेट नव्हतं, डिक्की नव्हती. बंटी भैयाचा अर्धा कान होता. सगळीकडे साय पसरल्यासारखा क्रीम रंग वाहत गेलेला, झाडं पुसलेली, माणसं पुसलेली. आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक हात. लख्ख. बोटं वेगवेगळी, पदराची किनार, बांगड्या एकेक सुटी दिसत होती.

गज्जूभाऊंनी चष्मा काढून पुसला. नंबर तोच होता, मला माहीत आहे.

मग बंटी भैया गाडी घेऊन परत आले आणि गज्जूभाऊ त्यांना फोटो दाखवायला धावले. खरंच धावले. वहिनी मागचं दार उघडून उतरल्या आणि माझ्याबरोबर चहाच्या गाडीपाशी आल्या.

"आला का?" त्यांनी विचारलं.

"हात आला. तुमचा. वहिनी, हे काय होतं?"

त्यांनी चहात फुंकर घातली. "सासूबाई नर्स होत्या. अभनपूरच्या दवाखान्यात. हे शाळेसाठी इथं मामाकडं. दवाखान्याची अशीच गाडी होती, पांढरट. पेशंटले घेऊन रायपूरले येत. सासूबाई मागं बसलेल्या. आत पेशंट, गाडी थांबवणार कशी? म्हणून यांना सांगून ठेवलं होतं, तू कोपऱ्यावर उभा राहा, मी हात हलवीन. हे उभे राहत. तेवढंच भेटणं. गाडी आली का हे ओरडत, आई."

मी कप खाली ठेवला.

"पाऱ्यातले, मोहल्ल्यातले पोट्टे सारे हिंदीवाले," वहिनी म्हणाल्या. "त्यांना वाटे, गाडी आली म्हणून हा ओरडते. ते मागून हसत. हाँ, आई. आई भी, गई भी."

"भाऊंनी त्यांना सांगितलं नाही?"

"कोणालेच नाही सांगितलं. मले लग्नानंतर किती वर्षांनी." त्यांनी पदर सारखा केला. "मॅट्रिकच्या वर्षी गेल्या सासूबाई. फोटो म्हणजे तोच, नोकरीच्या कागदावरचा. हे म्हणतात, हे माह्या आईचं तोंड नाही. आई अशी न हलता बसलेली मी पाह्यलीच नाही."

तिकडे गज्जूभाऊ बंटी भैयाला, डॉक्टरांना, फुगेवाल्याला धरधरून फोटो दाखवत होते. "ओळखा," म्हणत होते. आणि पहिल्यांदाच लोक ओळखत होते. "हाथ है, अंकल." "हव," गज्जूभाऊ म्हणत होते, "हव, हव." नागपूरचा माणूस गाडी घेऊन निघाला तेव्हा ते वळणावर गेले आणि चांगले दोन्ही हात हलवून तिला निरोप दिला. कॅमेरा गळ्यात लोंबत होता.

तो फोटो आता त्यांच्या भिंतीवर आहे, आईच्या फोटोला लागून. मान सरळ, कान दिसणाऱ्या, ओठ मिटलेल्या बाईंच्या शेजारी तो हात असा काही लागला आहे की पाहणाऱ्याला वाटतं, त्यांनीच फ्रेममधून बाहेर काढला. कोणी विचारलंच, "कोणाचा हात, भाऊ?" तर गज्जूभाऊ म्हणतात, "हलून राहिला ना? मग झालं." आणि कपबशा तिथेच राहू देतात.

अनुराधाला मी सगळं सांगितलं तेव्हा ती पेपर तपासत होती. लाल पेनाने कोणाचं तरी लिंग दुरुस्त करता करता थांबली. मग विचारलं, "हत्तीलासुद्धा?"

"हत्तीलासुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गॅलरीत चहा घेत होतो. खाली गज्जूभाऊ फाटकात उभे, पंखा पूर्ववत सुरू. कोपऱ्यावरून पाण्याचा टँकर वळला. गज्जूभाऊ डावीकडून उजवीकडे फिरले. मफलर नव्हता, डावा हात सुटला, वर गेला, टँकरवाल्याला हलला.

"आई," ते म्हणाले.

मी अनुराधाकडे पाहिलं. तिने कप कठड्यावर ठेवला आणि खाली वाकली.

"हव, भाऊजी," ती म्हणाली. "आई."